हद्दीतली हरणं

पहिल्या दिवशी मी त्यांना काका म्हणाले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणाले, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि सांगितलं, “अध्यक्ष म्हण, पोरी. त्याबिगर त्यांना ऐकू येत न्हाय.”

ते अध्यक्ष होते, हे खोटं नव्हतं. कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला एक जैवविविधता समिती नेमावी लागते. गावाच्या रानात कोणते प्राणी, पक्षी, झाडं आहेत ते बघायचं आणि त्यांची राहायची जागा सांभाळायची, असं तिचं काम. त्या समितीवर जायला गावात कोणी तयार नव्हतं, कारण तिच्यात टेंडर नव्हतं. आणि ह्यांना आयुष्यभर कशाचं तरी अध्यक्ष व्हायचं होतं. सोसायटीला उभे राहिले, पडले. दूध डेअरीला उभे राहिले, पडले. शाळेच्या समितीत तर सख्ख्या चुलतभावानं पाडलं. शेवटी ग्रामसेवकानं ही समिती त्यांच्यापुढं धरली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

मी एका संस्थेतर्फे वर्षभर त्या गावात होते. भूम तालुक्यातलं, ईटच्या बाजाराला जाणारं गाव. मी धाराशिवचीच, पण शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. ग्रामसभा, ठराव, दप्तर हे शब्द मला ऐकून माहीत होते, एवढंच. माझं काम एकच होतं. गावाच्या गायरानात एक माळ होता आणि त्या माळावर काळविटांचा कळप राहत होता. तो माळ आहे तसा ठेवायचा ठराव ग्रामसभेकडून करून घ्यायचा. त्यासाठी अध्यक्षांचं मन वळवायचं, म्हणून संस्थेनं मला त्यांच्याच गच्चीवरची खोली भाड्यानं घेऊन दिली. जवळ राहिलं की मन वळवणं सोपं जातं असं संस्थेला वाटत होतं. मला बोलायला जड जातं, हे मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं.

त्यांच्या मोटारसायकलीवर पुढं लाल पाटी होती. ‘अध्यक्ष’ हा शब्द वाटीएवढ्या अक्षरांत आणि खाली ‘जैवविविधता’ तांदळाएवढ्या. एकदा ईटच्या फाट्यावर पोलिसानं थांबवून विचारलं, कशाचे अध्यक्ष? “हरणांचे,” ते म्हणाले. पोलिसानं सोडून दिलं. अध्यक्षांच्या मते आदरानं. काकूंच्या मते, “येड्याच्या नादी कोण लागंल.”

सकाळी डेअरीला दूध घालून परतताना ते माळाजवळ थांबत. याला ते हजेरी म्हणत. गाडीवरून मात्र उतरत नसत. माळावर कुसळी गवत होतं. त्याची कुसळं पॅन्टीत घुसतात, आणि अध्यक्षांची पॅन्ट पांढरी, कडक इस्त्रीची असे. ते गाडीवर बसूनच एक पाय रस्त्यावर टेकवत, डोळ्यांवर हात धरत, दूरवर पिवळ्या गवतात हलणाऱ्या पाठींकडे पाहत आणि म्हणत, “सगळे हजर हायेत.” मोजत नसत. मी एकदा विचारलं की सगळे म्हणजे किती.

“म्याडम,” ते म्हणाले, “बापाला पोरं मोजावी लागत न्हाईत.”

गाडी चालू करून ते निघून जात. गावात आल्यावर मात्र पारावर दिवसभर त्याच हजेरीचं वर्णन चाले. एक नर कसा पुढं आला, कसा त्यांच्याकडं बघत राहिला, ओळख असल्यासारखा. हजेरीच्या वेळी गाडीवर मागं मी बसलेली असायचे. नर आमच्याकडं शेपूट करून चरत असायचा.

माळावर मी एकटी जायचे तेव्हा कुसळं माझ्याही सलवारीत घुसायची, संध्याकाळी गच्चीवर बसून एकेक काढावी लागायची. पण तिथं बसलं की कळायचं. लांबवर दिसतं म्हणून ती तिथं राहतात. लांडगा दिसला की पळता येतं. माद्या पाडसांना गवतात दडवून दूर चरायला जातात, आणि पाडस असं निश्चल पडून राहतं की पायाखाली आलं तरच दिसावं. झाड एकही नाही. सावली नाही. ग्रामसेवक म्हणायचे, “म्याडम, दप्तरी ती पडीक जमीन आहे. गवत म्हणून तिची कुठं नोंद नाही.” त्यांच्याकडे चार गावं होती आणि आमच्या गावाच्या वाट्याला ते मंगळवारी येत. मधल्या काळात त्यांच्या हुद्द्याचं नाव सरकारनं बदललं होतं. वार तोच राहिला.

अध्यक्षांचं जग हद्दीवर चाले. गावाच्या उत्तरेला ओढा आहे, ओढ्यापलीकडं दुसरं गाव. हरणांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ती दिवसा आमच्या माळावर असत आणि दिवस कलला की ओढा ओलांडून पलीकडच्या हरभऱ्यात उतरत. पलीकडचे शेतकरी तक्रार घेऊन आले की अध्यक्ष शांतपणे विचारत, “हरभरा कुणाच्या हद्दीत खाल्ला?”

“आमच्या.”

“मग ती तुमची हरणं. आमची हरणं आमच्या हद्दीत असत्यात.”

पण कुठल्याशा पेपरात त्याच हरणांचा फोटो छापून आला आणि खाली पलीकडच्या गावाचं नाव पडलं, तेव्हा अध्यक्ष दोन दिवस जेवले नाहीत. निदान काकूंसमोर जेवले नाहीत. “दिवसभर बसायला कुठं येत्यात? आमच्यात. मग रहिवासी कुठले? आमचेच,” असं ते पेपरवाल्याला फोनवर सांगत होते. समोरच्यानं फोन ठेवल्यावरही बराच वेळ सांगत होते.

लांडग्याचा प्रश्न त्याहून नाजूक होता. गावाच्या रानात लांडगे होते, मी स्वतः पाहिले होते. समितीच्या बैठकीत मी तसं म्हणाले. बैठक म्हणजे अध्यक्ष, मी आणि चहा. बाकीचे सदस्य सहीपुरते होते.

“लांडगा यादीत घेऊ नका,” ते म्हणाले.

“पण आहे तो.”

“हाय. पण आपला न्हाय. बार्शीकडून येतो. उद्या त्यानं मेंढरू उचललं तर लोक म्हणतील, अध्यक्ष, तुमच्या लांडग्यानं उचललं. ती जिम्मेदारी कुणी घ्यायची?”

तर लांडगा सोलापूर जिल्ह्याला देण्यात आला. खोकडाला, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याला, मात्र त्यांनी ठेवून घेतलं. खोकड उंदीर खातं आणि उंदराची तक्रार करायला कोणी येत नाही.

हे सगळं मी हसत सोसलं असतं. पण त्या हिवाळ्यात वरून योजना आली. ज्या गावात जैवविविधता आहे, त्या गावाला जैवविविधता उद्यान मिळणार. पायवाटा, बाकं, कारंजं, आणि प्राण्यांच्या सिमेंटच्या मूर्ती. जागा सपाट आणि ग्रामपंचायतीच्या ताब्यातली हवी. ग्रामसेवकांनी मंगळवारी येऊन नकाशा पसरला आणि माळावर बोट ठेवलं.

अध्यक्ष त्या संध्याकाळी घरी आले ते पेढे घेऊनच. तिकडं खव्याची कमी नाही, पण अध्यक्षांनी स्वतःच्या पैशानं पेढे आणायची ही पहिलीच वेळ, असं काकू म्हणाल्या. “काय, सरपंच झालाव का?”

“कोनशिला बसणार हाय,” ते म्हणाले. “नाव कोरून. दगडात.”

मी त्या रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी चहाला, मग गोठ्याच्या दारात, जमेल तसं सांगत राहिले. मला सलग बोलता येत नाही, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. काळविटाला मोकळा माळ लागतो. कुंपण घातलं की त्याला आत येता येत नाही. गवत सपाट केलं की पाडसं ठेवायला जागा राहत नाही. बाकं, दिवे, माणसं आली की कळप उठून जाईल. माझ्या नोकरीच्या वर्षातलं ते सगळ्यांत लांब भाषण होतं. अध्यक्षांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत सगळं ऐकून घेतलं. मध्येच मान हलवली. माझ्या मनात आलं, जमलं.

“लई बेस सांगितलं, म्याडम,” ते म्हणाले. “शब्द न् शब्द खरा हाय. हे सगळं उद्यानात फलकावर लिहू.”

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. मी बोलायला उभी राहिले, माईक तोंडापासून लांब धरला, मागच्यांना काही ऐकू गेलं नाही. पुढच्यांना गेलं. त्यातला एक जण म्हणाला, “म्याडम, एवढी माया हाय तर हरणं तुमच्या धाराशिवला न्या की. ष्टँडवर सोडा.” लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि खाली बसले. मग माळावर मेंढरं चारणारी एक म्हातारी उठली.

“ते बाग-फिग करा,” ती म्हणाली. “माजी मेंढरं कुठं चारू तेवढं सांगा.”

अध्यक्षांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यांनी ग्रामसेवकांकडं बघितलं, ग्रामसेवकांनी मोबाइलकडं.

“मावशे, तुझं मेंढरूबी बसवू की एक उद्यानात,” अध्यक्ष म्हणाले. “हरणाच्या शेजारीच.”

“मग त्येला तुमीच चारा,” म्हातारी म्हणाली आणि पदर झटकून चालू लागली. तिच्यामागं उद्यानाचा ठराव मंजूर झाला. आवाजी मतदानानं, म्हणजे ज्यांचा आवाज मोठा त्यांच्या.

जेसीबीनं माळ सपाट करायला फार वेळ लागला नाही. मी बघायला गेले नाही. मूर्ती करणारा कारागीर आला, तो एरवी देवळांच्या शिखरांवर बैल आणि सिंह बसवायचा. त्यानं हरीण केलं, त्याला वशिंड आलं. शिंगं काळविटासारखी पिळाची न होता झाडाच्या फांद्यांसारखी फुटली, कारण त्याच्याजवळ कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरातलं हरीण तसं होतं. अंगावर त्यानं हौसेनं पांढरे ठिपके दिले. मी अध्यक्षांना म्हणाले, आपल्याकडच्या हरणांना ठिपके नसतात.

“हे उद्यानातलं हरीण हाय, म्याडम,” ते म्हणाले. “रानातल्यापेक्षा चांगलं नको का दिसाया?”

ते मूर्तीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. खऱ्या हरणाच्या इतक्या जवळ ते कधी गेले नव्हते. पेव्हर ब्लॉकवर कुसळं नसतात.

फलक झाला. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत माझी वाक्यं होती. काळविटाला मोकळा माळ लागतो. पाडस गवतात दडून बसते. कुंपणामुळे कळप स्थलांतर करतो. फलक कुंपणाच्या आत, फाटकाजवळ उभा केला होता. फाटकाला कुलूप होतं, शेळ्या लॉन खातात म्हणून, आणि किल्ली अध्यक्षांच्या करदोट्याला.

कळप ओढ्यापलीकडं गेला तो गेलाच. आता दिवसाही तिकडंच राहू लागला, पलीकडच्या गावच्या माळावर. अध्यक्ष सकाळी गाडी थांबवत, एक पाय टेकवत, आणि कुंपणाच्या जाळीतून आत बघून म्हणत, “सगळे हजर हायेत.” सिमेंटचे होते म्हणून हे मात्र खरं असे.

उन्हाळ्याच्या तोंडाला जिल्ह्याहून पाहणीचं पथक आलं. चांगल्या समितीला पुरस्कार द्यायचा होता. अध्यक्षांनी फेटे आणून ठेवले होते. साहेबांनी कारंजं पाहिलं, कोनशिला वाचली, फलकापाशी थांबून बहुधा न वाचताच मान हलवली, आणि निघताना सहज विचारलं, “प्राणी कुठं आहेत?”

अध्यक्षांनी ओढ्याकडं हात केला. दूरवर पलीकडच्या माळावर कळप चरत होता.

“ते तर त्या गावात आहेत.”

“तात्पुरते गेलेत, साहेब. कामानिमित्त.”

साहेब हसले नाहीत. गाडीत बसता बसता ते ग्रामसेवकांना म्हणाले की प्राणीच नसतील तर ही समिती काय कामाची, अध्यक्षासकट नवी नेमण्याचं बघा. ते अध्यक्षांनी ऐकलं. फेटे डोक्यावर न बसता परत गेले. त्या दिवशी अध्यक्षांनी कोणालाही हजेरी सांगितली नाही. काकू मला म्हणाल्या, “हसू नको गं. त्या खुर्चीबिगर माणूस न्हाय उरायचा ह्यो.” मी हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीवर मागं बसवलं आणि आम्ही पलीकडच्या ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या सरपंच बाई पन्नाशीच्या होत्या. खुर्चीवर त्या स्वतः बसलेल्या होत्या, त्यांचे यजमान दारात तंबाखू मळत होते.

“आमची हरणं तुमच्याकडं आलीत,” अध्यक्षांनी सांगितलं. “ती परत करायचा ठराव पाहिजे.”

सरपंच बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं.

“न्या की, दादा,” त्या म्हणाल्या. “आमी काय बांधून ठिवलीत? दावं आणलंय का?”

दारातले यजमान खोकले. अध्यक्ष उभेच होते. बाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा मागवला, आणि मग म्हणाल्या, “बरं झालं आलाव. आमालाबी ते उद्यान मंजूर झालंय. तुमच्यातली हरणं आमच्यात आली, म्हणून यादीत आमचं गाव बसलं म्हणं. उद्या चार लोक बोलवलेत, माळावर करावं का कसं ते बघायला. तुमाला अनुभव हाय. या.”

मला वाटलं अध्यक्षांना हा अपमान वाटेल. ते दुसऱ्या दिवशी नवी इस्त्री केलेली पॅन्ट घालून तयार होते.

पलीकडच्या देवळाच्या ओट्यावर पंधरावीस माणसं बसली होती. माळ तिथून दिसत होता आणि कळपही. एक काळा नर, बाकी तांबूस पाठी. मी त्यांच्याकडं बघत होते, कारण आता जायला दुसरा माळ उरला नव्हता. इथून उठली तर ती कुठं जातील, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

सरपंच बाईंनी सरळ विचारलं. “दादा, इथं उद्यान केलं तर हरणं ऱ्हातील का जातील?”

अध्यक्षांनी टोपी नीट केली. “ऱ्हातील की. जातील कुठं? बाकं हायेत, पाणी हाय, दिवे हायेत. आमच्यात तर काय शोभा आली म्हणून सांगू.”

“तुमच्यातली तर गेली.”

“ती सवयीनं येतील माघारी.”

लोक आपापसांत बोलू लागले. बाई माझ्याकडं वळल्या. “म्याडम, तुमी शिकलेल्या हाव. तुमी खरं सांगा.”

त्या दिवशी माईक नव्हता, त्यामुळं लांब धरायची सोय नव्हती. मी अध्यक्षांकडं पाहिलं नाही.

“जातील,” मी म्हणाले. “उद्यान केलं तर एकही राहणार नाही.”

मग मागून एका शेतकऱ्यानं विचारलं, “पक्कं का?”

“पक्कं.”

“मग करा की लवकर,” तो म्हणाला. “हरभरा पेरायच्या आत करा.”

हसू फुटलं नाही. कोणी विनोद केलेला नव्हता. सरपंच बाई मला समजावत म्हणाल्या, “आमचं हरणाशी वैर न्हाय, म्याडम. पण लोक रातभर रानात जागत्यात. शेताला कुंपण म्हणून बायकांनी लग्नातल्या साड्या बांधल्या, त्याबी फाडून आत जात्यात. तुमी एवढं खात्रीनं सांगताव, तर माळावरच करू.” हात वर झाले. माझ्या वर्षभराच्या कामात माझं म्हणणं एवढ्या एकमतानं मान्य झालेली ही एकमेव सभा.

परतताना अध्यक्ष गाडी हळू चालवत होते. ओढ्याच्या पुलावर त्यांनी ती थांबवली. मला वाटलं रागावलेत.

“म्याडम,” ते म्हणाले, “म्या तुमाला वळखलंच न्हाय. मला वाटायचं तुमी साध्या हाव.”

मला कळेना.

“म्या म्हणलं, ऱ्हातील, तर ते इचारात पडले. तुमी म्हणलाव, जातील, तर एका दमात मंजूर.” ते खुशीत हसले. “आता तिकडं जेसीबी लागला की हरणं सरळ आपल्यात. दुसरीकडं जागाच कुठं हाय त्यांना?”

म्हणजे त्यांना माहीत होतं. गोठ्याच्या दारात मी सांगितलेलं सगळं त्यांना तेव्हाच कळलं होतं, कदाचित त्याच्याही आधीपासून. मी विचारणार होते की आपल्यात म्हणजे कुठं. पण गाडी तोवर सुरू झाली होती.

उद्यानाशी ते उतरले. गाडीवरून खरंच उतरले. करदोट्याची किल्ली काढून त्यांनी फाटकाचं कुलूप उघडलं, दोन्ही दारं सताड लोटली आणि वाऱ्यानं बंद होऊ नयेत म्हणून त्यांना एकेक धोंडा लावला. आतली पायवाट त्यांनी पायानं जराशी झाडली.

मी गाव सोडलं तेव्हा पलीकडं जेसीबी येऊन गेला होता. कळप कुठं गेला ते विचारायला कोणी नव्हतं. फाटक उघडंच होतं. त्यातून रोज गावातल्या शेळ्या आत जात, आणि अध्यक्ष काठी घेऊन त्यांना बाहेर हाकलत, कारण ती जागा हरणांसाठी राखीव होती.